फुली बांध कमरेला

१

सूल गावात गोळीचा आवाज ऐकून कुणी मान वळवत नाही. टेकडीखालच्या सरकारी चाचणीघरात सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत नव्या बंदुकांच्या नळ्यांची परीक्षा चालते. इथली तान्ही पोरे त्या आवाजावर झोपतात आणि आवाज थांबला की रडायला लागतात.

म्हणून १९९३ सालच्या नोव्हेंबरात, एका मंगळवारी, म्हाताऱ्या बंदूक-कारागीर ओटोकार रॉइसच्या पाठीत गोळी शिरली, तेव्हा तो आवाज साऱ्या गावाने ऐकला आणि कुणीच ऐकला नाही.

दुसऱ्या दिवशी पश्चात्तापाचा बुधवार. सगळी दुकाने बंद, चर्चच्या घंटा धुक्यात बुडालेल्या. ओटोकारचा पुतण्या फोल्कमार सूपाचा डबा घेऊन आला तो कारखान्याच्या उंबऱ्यावरच थिजला. काका शेगडीजवळ पालथा पडला होता. शेगडी केव्हाच विझलेली. टेबलावर कॉफीचे दोन कप मांडलेले, दोन्ही कोरडे. पाहुण्यासाठी कॉफी करायला म्हातारा वळला होता, आणि पाहुण्याने ती पाठ साधली होती.

जमिनीवर पिस्तूल पडले होते. पहिल्या महायुद्धातले, जर्मन लष्कराचे, ज्याला लोक अजून 'शून्य-आठ' म्हणतात ते. टेबलावर त्याचे कातडी म्यान, म्यानाच्या कप्प्यात गोळ्यांचे जादा मॅगझिन. नळीमागे साल कोरलेले, १९१६. नंबर ४४१८ सी.

पिस्तूल फ्रीडलिंडे लांगगुटचे होते, तिच्या आजोबांचे. मुठीवर तिच्या बोटांचे ठसे होते. आणि मंगळवारी दुपारी तिने ओटोकारच्या दारात उभे राहून घातलेला आरडाओरडा फोल्कमारने आपल्या सॉसेजच्या गाड्यावरून ऐकला होता. "कवटाळून बसा त्या पिस्तुलाला, आणि मरा त्याच्याबरोबर," असे ती म्हणाली होती.

बुधवारी दुपारी पोलीस फ्रीडलिंडेला घेऊन गेले. सोमवारी तिला मायनिंगनच्या कोर्टात उभे करणार होते.

२

ही बातमी आडेलहाइड झिट्समान हिला कळली तेव्हा ती मृतांच्या रविवारासाठी फरच्या फांद्या बांधत होती. त्या रविवारी गाव आपापल्या थडग्यांवर हिरव्या फांद्यांचे पांघरूण घालते, मातीखालच्यांना हिवाळा बाधू नये म्हणून. यंदा एक जुडी जास्त बांधावी लागणार, एवढेच तिच्या मनात आले, आणि हातातली सुतळी सुटली.

आडेलहाइड एकाहत्तर वर्षांची होती. गावच्या शस्त्रसंग्रहालयात तिने चाळीस वर्षे कार्डे लिहिली, एका पिस्तुलाला एक कार्ड. नुसत्या नंबरावरून ती हत्याराचे जन्मसाल सांगे, कधी महिनाही. गाव तिला आकडेबाई म्हणे. तिला मूलबाळ नव्हते. फ्रीडलिंडेला बाप्तिस्म्याच्या वेळी तिनेच हातांवर धरले होते, आणि फ्रीडलिंडेची आई गेल्यावर तर ती पोर तिचीच झाली, तिला मावशी म्हणणारी. आता ती पोर चाळिशीची, बंदुकांवर ससे आणि ओकची पाने कोरणारी. हात एवढा हलका की पोलादावरचा ससा पळून जाईल असे वाटे.

पोलिसांचा कमिसार गेब्लर दोन्ही जर्मन देश एक झाल्यावर पश्चिमेकडून बदलून आलेला, तरुण, सगळ्याचीच घाई असलेला. त्याने आडेलहाइडला खुर्ची दिली आणि घड्याळाकडे पाहिले. पिस्तुलाबद्दल काही सांगायचे असेल तर सांगा, म्हणाला, पण नंबर जुळतोय, ठसे जुळतायत, भांडण झालंय, आता आजीबाई, आणखी काय हवंय?

आडेलहाइडने फोटो मागितले. त्याने टेबलावर टाकले.

ठसे फक्त मुठीवर आहेत का, हे तिने विचारले. हो, तो म्हणाला, मुठीवर फ्रीडलिंडेचे आणि म्हाताऱ्याचे, दोन्ही थोडे फिसकटलेले. आणि मॅगझिनांवर? दोन्ही मॅगझिनं स्वच्छ, धुतल्या ताटांसारखी.

आडेलहाइडने फोटो नीट रचून परत सरकवले. ताटे धुवून डावावर खरकटे ठेवणारी बाई तिने पाहिली नव्हती.

मग तिला दहा मिनिटे फ्रीडलिंडेला भेटू दिले.

३

फ्रीडलिंडे भिंतीकडे तोंड करून बसली होती. मावशीला पाहून उठली नाही, फक्त सरकून जागा केली.

हळूहळू बोलली. आजोबा आल्विन डोंगरापलीकडच्या सरकारी कारखान्यात पिस्तुलांवर नंबर मारायचे. त्यांना युद्धावर बोलावणे आले तेव्हा फोरमनने त्यांच्याच हातून नंबर मारलेले एक पिस्तूल त्यांच्या मशीनगनच्या तुकडीकडे जाईल अशी तजवीज केली. आल्विन जिवंत परतले, पिस्तूलही परतले. पंचेचाळीस साली रशियन आले तेव्हा आजीने ते धुराड्यात चिणले. पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षे त्याचे नाव काढायची सोय नव्हती. या उन्हाळ्यात धुराडे दुरुस्त करताना ते गवंड्याच्या हाताला लागले.

फ्रीडलिंडेला ते नदीत टाकायचे होते. ओटोकारकाका म्हणाले, आधी माझ्याकडे आण, मी तपासतो. सोमवारी तिने नेऊन दिले. मंगळवारी परत मागायला गेली तर म्हणाले, आणखी एक दिवस ठेव, यातून फार मोठी गोष्ट निघतेय. कसली गोष्ट, ते सांगेनात. म्हणून ती भडकली.

"मी त्यांना मरा म्हणाले, मावशी. माझं शेवटचं बोलणं ते."

आडेलहाइडने तिचा हात हातात घेतला. बोटांवर कोरणीचे जुने वळ होते. जरा वेळाने विचारले, पिस्तूल दिलंस तेव्हा त्यात गोळ्या होत्या का? नव्हत्या. काकांच्या कपाटात होत्या, किल्ली कपाटालाच असायची. आणि मॅगझिनं दोन्ही होती? होती, एक पिस्तुलात, एक म्यानाच्या कप्प्यात. क्रूसवालं आत होतं.

आडेलहाइडने मान वर केली.

दोन्हींच्या लाकडी बुडावर तोच नंबर होता, फ्रीडलिंडे सांगू लागली, पण एकावर नंबरापुढे छोटा क्रूस होता. आजी म्हणायची ते कायम पिस्तुलात ठेवायचं. "क्रूस आत असला की मरण आत झोपून राहतं, असं म्हणायची. मी धुराड्यातून काढलं तेव्हाही तसंच होतं, आणि तसंच नेऊन दिलं."

एरवी आडेलहाइडला हसू आले असते. तो क्रूस नव्हे. साधी फुली आहे ती. लष्कर प्रत्येक पिस्तुलाला एकाच नंबराची दोन मॅगझिने देत असे. बिनफुलीचे पिस्तुलात, फुलीचे कमरेच्या म्यानात. जुन्या नंबरवाल्यांनी त्यावर ओव्याच रचल्या होत्या, आणि आडेलहाइडने त्या प्रत्येक शिकाऊ माणसाच्या डोक्यात भरल्या होत्या:

दहा हजार मोजावे
मग अक्षर जोडावे
वर्ष सरता सोडावे
पुन्हा एक.

साधा नंबर मुठीला
फुली बांध कमरेला
जोडी लागो जोडीला
हीच टेक.

पण तिला हसू आले नाही. कमिसारच्या टेबलावरचे फोटो तिला पुन्हा दिसू लागले. पिस्तुलातले मॅगझिन साधे होते. फुली म्यानात होती. सगळे ओवीबरहुकूम.

कुणीतरी ते सरळ केले होते.

४

गुरुवारी ती कमिसारबरोबर ओटोकारच्या कारखान्यात गेली. तेलाचा आणि थंड लोखंडाचा वास तसाच होता, फक्त त्यात माणूस नव्हता. ओटोकारची वही कानशींच्या खणात सापडली. पोलिसांनी ती पाहिली होती, पण त्यांच्या लेखी तो नुसता आकड्यांचा कचरा होता.

ओटोकारचा एक नियम होता, आणि तो गावाला ठाऊक होता. हत्यार जसे आले तसेच राहील. तपासणी पुरी होऊन कागदावर सही पडेपर्यंत धूळसुद्धा पुसायची नाही. म्हणायचा, धूळही साक्षीदार असते.

वहीत पातळ कागद चिकटवलेले होते. नंबरावर कागद धरून वरून पेन्सिल घासलेली, म्हणजे खोदलेले आकडे पांढरे उमटतात. खाली ओटोकारचे कोंबडीच्या पायांसारखे अक्षर:

"पिस्तुलात: फुली. म्यानात: साधे. उलटे आहे. तसेच ठेवले. सोबत: म्यानात घडी घातलेली चिठ्ठी."

आणि खाली मंगळवारची तारीख घालून: "तपासणी झाली. अजून तसेच आहे. पाच वाजायच्या आत येतो म्हणाला."

कोण येतो म्हणाला, ते लिहिलेले नव्हते. चिठ्ठीही कुठे नव्हती. त्यांनी खण उपसले, शेगडीची राख चाळली. नाही.

कमिसार पहिल्यांदा घड्याळाकडे न पाहता बोलला. म्हणाला, हा 'येतो' म्हणणारा आलाच नसेल, असंही होऊ शकतं. किंवा म्हाताऱ्यानेच नंतर मॅगझिनं सरळ केली असतील.

तशी केली असती तर त्यावर त्याच्या तेलकट बोटांचे ठसे असते, आडेलहाइड म्हणाली. तुम्हीच म्हणालात, धुतल्या ताटांसारखी.

कमिसारने वही तिच्या हातात दिली. मग म्हणाला, शनिवारपर्यंत. त्यानंतर कागद कोर्टात जातील.

५

फोल्कमार गाड्यावर सॉसेज उलटत होता. काका गेला म्हणून गाडा बंद ठेवावा तर कोळसा फुकट, आणि उघडावा तर लोक तोंडाकडे बघतात, अशी त्याची गत. घर आता त्याचे होणार, हे गावाने त्याच्याआधीच बोलून दाखवले होते.

आडेलहाइडने ओटोकारच्या वहीतला तो पातळ कागद त्याच्यापुढे धरला. नंबरापुढची ही खूण कसली, सांग बघू.

त्याने डोळे बारीक केले. "कॅथलिक असेल कुणीतरी," म्हणाला. मग खाली मान घालून पुटपुटला की फ्रीडलिंडेचं ते बोलणं मी पोलिसांना सांगायला नको होतं. आडेलहाइड म्हणाली, ऐकलंस ते सांगितलंस, त्यात पाप नाही. पण चारनंतर काकाकडे कुणी गेलं का? त्याला माहीत नव्हते. चारला ती पाय आपटत गेली, आणि लगेच धुके उतरले. या गाड्यावरून पलीकडचा रस्तासुद्धा दिसेना.

फोल्कमारने त्या पिस्तुलाची मॅगझिने सरळ केली नसती. सरळ म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नव्हते.

दुसरा माणूस खानावळीत सापडला. एगमोंट लाउफेनबेर्ग, पश्चिमेकडचा जुन्या हत्यारांचा व्यापारी, बटाट्याचे वाफवलेले गोळे रश्शात बुडवून खात होता. फुलीचा अर्थ त्याला झोपेतही सांगता आला असता. मंगळवारी तो याच गावात होता. संध्याकाळी पाचपर्यंत कुठे होतास, तर म्हणे खोलीत, एकटाच, सर्दीने बेजार.

आडेलहाइडने सरळ विचारले, ते पिस्तूल तुला हवं होतं ना?

तो हसला. हवं होतं म्हणजे काय, बाई! ओटोकारनं सोमवारी फोन केला, चिठ्ठी वाचून दाखवली, आणि मी रात्रीत गाडी हाणत आलो. चिठ्ठीसकट बारा हजार मार्क देणार होतो. मग काटा खाली ठेवून म्हणाला, "चिठ्ठी कुठाय पण? पोलीस पिस्तुलाबद्दलच बोलतात, चिठ्ठीबद्दल कुणी बोलत नाही. तिच्याविना ते शंभरातलं एक आहे. अडीच हजार, तेही माझ्या तोंडाकडे बघून."

आडेलहाइड काटा-सुरीकडे पाहत राहिली. या माणसाने चोरी केली असती तर दोन्ही नेले असते. पिस्तूल टाकून चिठ्ठी नेणे म्हणजे घोडा सोडून लगाम पळवणे. चिठ्ठी ज्याने नेली त्याला ती विकायची नव्हती. त्याला ती नाहीशी व्हायला हवी होती.

चिठ्ठीत काय होतं, आठवतं का? एगमोंटला शब्दन् शब्द आठवत होता, धंदाच तो. कारखान्याची दिवसाची चिठ्ठी होती. "९ मे १९१६. आज मारलेले नंबर ४३९० सी ते ४४७० सी. आल्विन लांगगुट. शेवटचा दिवस." खाली फोरमनची सही आणि शिक्का.

आडेलहाइडचे ओठ हलू लागले. दहा हजार मोजावे, मग अक्षर जोडावे. पहिले दहा हजार बिनअक्षरी. मग ए, मग बी. म्हणजे सीचा ४४१८ वा हा त्या वर्षातला चौतीस हजार चारशे अठरावा. जानेवारीपासून मेच्या नऊ तारखेपर्यंत एवढेच झाले होते.

तिने रश्शाने डागाळलेल्या कागदी रुमालावर आणखी एक नंबर लिहिला. तो तिला बघावा लागला नाही. तिने स्वतःच्या हाताने तो कार्डावर लिहिला होता. २२९० एच. ब्याऐंशी हजार दोनशे नव्वदावे पिस्तूल. मेमध्ये चौतीस हजार, तर ब्याऐंशी हजार केव्हा? पानगळ लागल्यावर. ऑक्टोबरच्या आधी नाहीच.

आणि संग्रहालयातल्या काचेखालची पाटी सांगत होती की हे पिस्तूल गावचा वीर लेफ्टनंट कोनराड फोन आशाउ याला १९१६ च्या फेब्रुवारीत मिळाले आणि मार्चमध्ये, व्हर्दूंच्या चिखलात, ते हातात धरूनच त्याने प्राण सोडला.

जन्माला यायच्या आधीच ते पिस्तूल युद्धावर गेले होते.

पाटीखालच्या कार्डावर सही होती: आ. झिट्समान.

६

त्या रात्री तिने दिवा लावला नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तिच्या निवृत्तीचा आठवडा. वेंडेलिन ट्राउट, तिचा शिष्य, एकविसाव्या वर्षी तिच्या हाताखाली आलेला, आता तिच्या जागी बसणारा, एक पिस्तूल आणि एक पिवळे पत्र घेऊन आला. पत्र लेफ्टनंटने आईला लिहिलेले, नंबरासकट. संग्रहालय मोडकळीला आले होते, नव्या सरकारला ते बंद करायचे होते. या एका पिस्तुलावर पश्चिमेच्या एका संस्थेने पूर्ण नवे दालन बांधायला पैसे कबूल केले. येत्या वसंतात त्याचे उद्घाटन होते.

एच हे अक्षर फेब्रुवारीत? तेव्हाही तिच्या मनात कुसळ रुतले होते. पण त्या वर्षाच्या कारखान्याच्या वह्या जळालेल्या, मोजायला गज नव्हता. कारखान्याच्या कागदांच्या तिच्या कपाटात १९१६ चा कप्पा चाळीस वर्षे रिकामाच होता. आणि वेंडेलिन डोळ्यांत आशा घेऊन उभा होता, मुलाने प्रगतिपुस्तक पुढे करावे तसा. तिने सही केली. ओटोकार त्यावर एवढेच म्हणाला होता, "तुझा हात लिहीत होता, आडेलहाइड. तू नव्हतीस."

आता गज सापडला होता. आल्विनने युद्धावर जाताना खिशात घातलेली ती चिठ्ठी. ओटोकारने तो गज लावून पाहिला, आणि भला माणूस म्हणून आधी वेंडेलिनलाच सांगितले. स्वतःहून कबूल कर, म्हणाला असेल. कॉफी पिऊन जा, म्हणाला असेल.

तिला सारे समजले होते, आणि हातात काहीच नव्हते. एका म्हातारीची बेरीज. सोमवारी कोर्ट. फ्रीडलिंडेला वाचवायचे तर ज्याला तिने अक्षर अक्षर शिकवले त्याला फाडावे लागणार होते, आणि त्याच्याबरोबर स्वतःचे नाव.

पहाटे तिने कमिसारला फोन केला. म्हणाली, ते पिस्तूल रिकामे करून संग्रहालयात आणा, दोन्ही मॅगझिनांसकट. फुलीचे मॅगझिन आत घालून आणा. आणि आणल्यावर बोलू नका, फक्त हात बघा.

"कुणाचे हात?"

"ज्याचे हलतील त्याचे," आडेलहाइड म्हणाली.

७

शनिवारी धुके संग्रहालयाच्या लाकडी चौकटींना चिकटून बसले होते. वेंडेलिनने स्वतः दार उघडले. सडपातळ, नीटनेटका, पंचेचाळिशीचा. बाईंचा कोट काढून घेतला, तिला आवडते तसे आल्याचे बिस्किट पुढे केले. फ्रीडलिंडेबद्दल ऐकून मला झोप नाही बाई, म्हणाला. त्याचे डोळे खरोखर जागरणाने लाल होते.

कमिसारने पिस्तूल आणि म्यान हिरव्या कापडावर ठेवले आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. तज्ज्ञांचे मत हवे, एवढेच म्हणाला होता.

वेंडेलिनने खिशातून पांढरे सुती हातमोजे काढून चढवले. संग्रहालयातली माणसे उघड्या हाताने पोलादाला शिवत नाहीत. हेही तिनेच शिकवलेले.

आडेलहाइड बोलू लागली. पिस्तुलाबद्दल नाही, ओटोकारबद्दल. तो तिला एकदा नाचायला घेऊन गेला होता आणि तिच्या पायावर पाय देऊन दोन तास माफी मागत बसला होता. वेंडेलिन हसला. मग ती दालनाबद्दल बोलली, उद्घाटनाला कोण कोण येणार याबद्दल. वेंडेलिन मान डोलावत होता, उत्तरे देत होता, आणि त्याची नजर कापडावर गेली. पिस्तुलाच्या बुडाशी फुली होती.

बोलता बोलता त्याने पिस्तूल उचलले. अंगठ्याने कळ दाबली. फुलीचे मॅगझिन तळहातावर घेतले, म्यानाच्या कप्प्यातले साधे काढले, ते मुठीत सरकवले. बारीक टक्क झाले. फुली कप्प्यात गेली, कातडी झाकण बंद झाले. मोजावे तर चार श्वासांचे काम. तो अजूनही पाहुण्यांच्या यादीबद्दल बोलत होता.

मग खोलीत आपल्याखेरीज कुणी बोलत नाही हे त्याच्या लक्षात आले.

आडेलहाइडने ओटोकारची वही उघडून त्याच्यापुढे ठेवली. पिस्तुलात फुली, म्यानात साधे. तसेच ठेवले. तिने सांगितले की मंगळवारी फ्रीडलिंडे गेली तोवर ते उलटेच होते. फ्रीडलिंडेसाठी ती फुली म्हणजे आजीचा क्रूस. फोल्कमारसाठी काहीच नाही. ओटोकार सही होईपर्यंत धूळ पुसत नसे. व्यापारी चिठ्ठी सोडून पिस्तूल नेईल, नाहीतर दोन्ही नेईल, पिस्तूल सोडून चिठ्ठी नेणार नाही. चिठ्ठी नकोशी कुणाला होती? ज्याचे एच अक्षराचे पिस्तूल त्या चिठ्ठीने खोटे पाडले त्याला.

"ओटोकारची पाठ वळली. तू गोळी भरायला मॅगझिन घेतलंस ते साधं, म्यानातलं. कारण भरायचं असतं ते साधं. दोन्ही मॅगझिनं मोज्यांनी पुसलीस, आणि फुली कप्प्यात ठेवलीस, कारण फुली असते कमरेला." तिने वही मिटली. "माणूस मारायला निघालेला तू, वेंडेलिन, आणि तेवढ्यातही तुला उलटं मॅगझिन बघवलं नाही."

वेंडेलिनचा चेहरा कागदासारखा झाला होता, पण तो सावरला. म्हणाला, सवय आहे बाई, आत्ताही सवयीनं केलं, सवय हा काही गुन्हा नाही. आणि कसली चिठ्ठी? कुणी पाहिलीय ती चिठ्ठी?

कमिसार खिडकीशी अस्वस्थपणे हलला. म्हातारीकडे आणखी काही आहे का, असा त्याचा चेहरा.

आडेलहाइडलाही ठाऊक नव्हते. तिला फक्त एवढे ठाऊक होते की तिने या माणसाला वीस वर्षे एकच गोष्ट शिकवली, अस्सल कागद हा मेलेल्यांचा आवाज असतो, तो गळा आपण दाबायचा नाही. ती उठली. गुडघे दुखत होते. भिंतीच्या कपाटाकडे गेली. सालांचे कप्पे, पितळी मुठी, तिच्याच अक्षरातल्या पट्ट्या. १९१४. १९१५.

"बाई," वेंडेलिन म्हणाला. "तो कप्पा रिकामा आहे."

"चाळीस वर्षं रिकामा होता," ती म्हणाली, आणि ओढला.

आत कार्ड लावलेले होते. कार्डामागे पातळ पाकीट, आणि पाकिटात धुराड्यातला धूर खाऊन तपकिरी झालेली चिठ्ठी. ९ मे १९१६. आल्विन लांगगुट. शेवटचा दिवस. कार्डावर वेंडेलिनचे सुबक अक्षर: सी, ४३९० ते ४४७०. जिथे असायला हवी तिथेच, अक्षराच्या क्रमाने.

चाचणीघर शनिवारी बंद असते. गाव इतके शांत की धुके छपरावरून ठिबकताना ऐकू येत होते.

"मला जाळता आली नाही," वेंडेलिन म्हणाला. त्याने हातमोजे काढले, घडी घातली, एकावर एक नीट ठेवले. "दालनाचं उद्घाटन होऊ द्या म्हणत होतो मी त्यांना, मग सांगू. ते म्हणाले, आधी कबूल कर, दालन नंतर. आणि कॉफी करायला वळले."

८

रविवारी आडेलहाइड आणि फ्रीडलिंडे दोघींनी थडग्यांवर फांद्या घातल्या. ओटोकारची जागा अजून नुसती आखलेली होती. तिथेही एक जुडी ठेवली.

सोमवारी आडेलहाइडने संग्रहालयातले ते कार्ड काढले, आपली सही एका रेघेने खोडली आणि खाली लिहिले: "ऑक्टोबर १९१६ च्या आधीचे नाही. पूर्वीची नोंद माझी चूक." नवे दालन झाले नाही. पश्चिमेच्या संस्थेने हात आखडला, आणि जुन्या इमारतीचे छप्पर अजून गळते.

निकाल लागल्यावर, पुढच्या पानगळीत, कोर्टाने पिस्तूल परत दिले. फ्रीडलिंडेने ते नदीत टाकले नाही. आणून मावशीच्या टेबलावर ठेवले, शेजारी ती चिठ्ठी. काचेखाली ठेव म्हणाली, आजोबांच्या नावासकट.

आडेलहाइडने उघड्या हातांनी मॅगझिने उचलली. साधे म्यानाच्या कप्प्यात घातले. फुली पिस्तुलात सरकवली. टक्क झाले, आणि तिने काचेचे झाकण लावले.

तेव्हापासून वर्षातून दोनतीनदा संग्रहालयाला पत्र येते. कुणी जाणकार पाहुणा असतो, श्टुटगार्टचा, कधी व्हिएन्नाचा. अत्यंत नम्रपणे कळवतो की पिस्तूल क्रमांक ४४१८ सी च्या मांडणीत एक चूक राहिली आहे, फुलीचे मॅगझिन म्यानात असायला हवे.

आडेलहाइड प्रत्येकाला उत्तर पाठवते. आपले म्हणणे बरोबर आहे, असे लिहिते. आणि ते तसेच ठेवले आहे, असेही.